नमद्याची चड्डी

वैशाख लागला की आमच्या गल्लीत आधी वास येतो. गोंदियाच्या या गल्लीत निम्म्या घरांतून बिड्या वळल्या जातात. नवा तेंदूपत्ता आला की बायका तो पाण्यात भिजवून गोणपाटात गुंडाळून ओट्यावर ठेवतात आणि उन्हं चढली की त्या ओल्या पानांचा तुरट, जरासा कुबट वास थेट माझ्या खाटेपर्यंत येतो. शेजारची सून म्हणते, "बाई, दार लावून घ्या ना." मी लावत नाही. त्या वासाबरोबर मला सालेकसा दिसतं, फडावर उन्हात उलगडून वाळत घातलेली पानं दिसतात, लाल मुरमाचा दरेकस्याचा रस्ता दिसतो. आणि इतक्या वर्षांनंतरही मांड्यांच्या आतल्या बाजूला काहीतरी चुरचुरल्यासारखं होतं.

तो हंगाम माझ्या आयुष्यात एकदाच आला. तसे तेंदूचे हंगाम मी तिथे पाच-सहा पाहिले, पण आठवतो तो एकच.

लढाई चालू होती. कापडावर कंट्रोल होता. मी सालेकस्याच्या सरकारी दवाखान्यात सुइणीचं काम करत होते. लोक मला नरसबाई म्हणत, नुसतं बाईही म्हणत. पंधराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी कॉलऱ्यात नवरा गेला आणि भावाने, त्याचं भलं होवो, लोकांचं न ऐकता मला नागपूरला सुइणीचं शिक्षण घ्यायला पाठवलं. तिथून इथे. मी लहानपणापासून जाड. नुसती जाड नव्हे, दारातून आत शिरताना लोक आपोआप बाजूला सरकत इतकी जाड. नऊवारी लुगडं मला अपुरं पडायचं. बाजारात भाजीवाल्या माझ्यादेखत एकमेकींकडे बघत आणि मी गेल्यावर हसत. मागून येणारं हसू कशाबद्दल आहे हे न वळता ओळखायला मी फार लवकर शिकले.

आणि म्हणूनच मी संशयी झाले. हे मी आज कबूल करते, तेव्हा केलं नसतं. तेव्हा मी त्याला शहाणपण म्हणत असे. तरुण विधवा, परक्या गावात एकटी, दार ठोठावणारा कोण, विचारणाऱ्याच्या मनात काय, हे बघूनच पाऊल टाकायचं. दवाखान्याचा कंपाउंडर चांगला बोलला की मला वाटे, याला काहीतरी हवं आहे. वाईट बोलला तर वाटे, याच्या मनातलं बाहेर आलं.

सायकल डॉक्टरांनी मिळवून दिली. रेल्वेचा कोणी साहेब बदलून गेला, त्याच्या मडमेची होती ती. पुढे दांडा नसलेली, बायकांची. डॉक्टर म्हणाले, "बैलगाडीची वाट पाहत बसाल, तर मूल तुमच्याआधी पोचेल." तिशीला आलेली, एवढ्या अंगाची बाई सायकल शिकणार म्हटल्यावर स्टेशनमागच्या मैदानात माणसं जमली. मी पडले. तीन-चारदा पडले. चौथ्या दिवशी पडले नाही, तेव्हा बघ्यांना कंटाळा आला आणि ते आपापल्या कामाला गेले.

चैत्रात मोहफुलं गळत होती तोवर मजा वाटली. पहाटे निघावं, वाटेवर बायका टोपल्या घेऊन फुलं वेचताना दिसाव्यात, सगळ्या जंगलाला तो गोड, डोक्यात चढणारा वास. हात वर करून कोणी विचारावं, "कोठी जाऊन राहिल्या, बाई?" पण सायकलची ती कातडी सीट दगडासारखी होती आणि ती मडम बहुधा काडीसारखी असावी. माझ्या वजनाने सीट खाली दबायची, तिच्या कडा दोन्ही बाजूंनी रुतायच्या. पॅडल मारताना मांडीला मांडी घासायची. घाम यायचा. वैशाख लागेपर्यंत आतली कातडी सोलून निघाली होती.

मी दुसऱ्यांची अंगं रोज बघणारी, पण माझं दुखणं दाखवायला मला कोणी नव्हतं. डॉक्टर पुरुष, कंपाउंडर पुरुष. लहान बाळांना लावायची जस्ताची पूड मी दवाखान्यातून न्यायला लागले. तिसऱ्या डबीला कंपाउंडरने विचारलं, "या महिन्यात बाळं फार झाली का हो, बाई?" तो सरळ मनाने विचारत होता की नाही, मी आजही सांगू शकत नाही. मी तेव्हा मात्र त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही.

सीटवर उशी बांधून पाहिली. ती वळणावर सरकली आणि मी मुरमात गेले. जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या, त्यांच्या चुण्या पडून त्याच टोचायला लागल्या. मग एक दिवस स्टेशनबाहेर टांगेवाला घोड्याचा साज उतरवताना पाहिला. खोगिराखाली त्याने नमदा घातला होता, लोकर दाबून केलेला जाड, मऊ तुकडा. तो त्याने खोगिराला नव्हे, घोड्याच्या पाठीवर नीट बसवला होता. मी उभी राहून बघत राहिले. मऊपणा सीटवर असून उपयोग नाही, तो अंगाबरोबर हलला पाहिजे. टांगेवाल्याकडून मी एक जुना नमदा मागून घेतला. कशाला, असं त्याने दोनदा विचारलं. गुडघ्याला शेकायला, म्हणून सांगितलं.

आता शिवणार कोण?

स्टेशनच्या रस्त्यावर लखनलाल नावाचा शिंपी होता. त्याच्या दुकानात एक मशीन, भिंतीवर खुंट्या आणि मागे गोणपाटाचा पडदा. पडद्यामागे त्याची बायको फुलमती काज-बटणं करत बसायची. ती डोंगरगडच्या पलीकडची, छत्तीसगडची, लग्नानंतर इथली बोली शिकलेली. मी भर दुपारी, रस्ता मोकळा बघून गेले.

"भाऊ, एक चड्डी शिवायची आहे. जाड. आत गादी घालून."

"किस के लिए, बाई?"

"आहे एक पेशंट."

लखनलालने माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर उभ्या केलेल्या सायकलकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "पेशंट की कमर कितनी है?"

मला तिथून निघून जावंसं वाटलं. त्याने गळ्यातला टेप काढला तशी मी मागे सरकले. मग पडद्यामागून आवाज आला, "तुमी बाहेर बसा जी. मी घेते माप."

फुलमती बारीक, सावळी, कमी बोलणारी. माप घेताना तिचे हात गार होते आणि तिला घाई नव्हती. तिने घोळ, मांडी, कंबर सगळं मोजलं, मला वाकायला लावलं, खाली बसायला लावलं, पुन्हा कंबर मोजली. "बसल्यावर वाढते," ती म्हणाली. हसली नाही. पण तिची नजर सारखी माझ्या कामाच्या पिशवीकडे जात होती.

"या पिशवीत काय काय राहते, बाई?"

"कामाचं सामान."

"लेकरू आडवं असलं तं काय करता?"

"वेळ आली की बघते."

"अन् आधीची गेली असली, तं?"

"काय गेली?"

"काई नाई," म्हणून ती टेप गुंडाळायला लागली. मी मनात म्हटलं, हिला एवढ्या चौकशा कशाला? बाहेर काहीतरी तिखट-मीठ लावून सांगायला लागतं माणसाला, ते ही गोळा करते आहे. मी पिशवी काखेत घट्ट धरली.

पहिली चड्डी लखनलालने शिवली आणि ती भयंकर होती. त्याने नेहमीच्या पद्धतीने चार तुकडे मधोमध जोडले, म्हणजे नेमकी ज्या जागेवर मी बसणार तिथे चार शिवणींची गाठ आली. त्यात नमद्याऐवजी त्याने स्वतःच्या हुशारीने कापूस भरला होता. कोसभर गेल्यावर कापसाच्या गुठळ्या झाल्या आणि मी लिंबांवर बसले आहे असं वाटायला लागलं. नाडा इतका बारीक की वाकून पॅडल मारताना तो पोटात रुतला आणि त्याचा लाल वळ चार दिवस राहिला.

मी ती परत नेली तेव्हा फुलमतीने ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि सगळ्या शिवणी उसवल्या. दुसरी तिने एकटीने शिवली. तिने मधली शिवण काढूनच टाकली आणि तिथे चौकोनी तुकडा तिरपा बसवला, म्हणजे जोड पुढे आणि मागे गेले, बुडाखाली एकही नाही. नमदा मोठा, थेट मांडीच्या मुळापर्यंत, कडेला पातळ करत आणलेला, की त्याची धार लागू नये. त्याला वरून तिने जवळ-जवळ धावदोरा घातला, गोधडीला घालतात तसा, म्हणजे तो जागचा हलणार नाही. अंगाला लागणारी बाजू माझ्याच जुन्या, धुऊन-धुऊन साय झालेल्या लुगड्याची. पाय गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत लांब, मांडीला मांडी लागूच नये म्हणून. ते वर गुंडाळले जाऊ नयेत म्हणून खाली रुंद पट्टी, पण आवळणारी नव्हे. आणि कंबर पुढे जरा खाली, मागे वर, तळहाताएवढ्या रुंद पट्ट्याची. "तुमी वाकता तवा मागून उघडं पडते," ती म्हणाली, "अन् पुढं पोटाले जागा पाह्यजे. बारीक मानसाची चड्डी मोठी केली म्हून जाड मानसाची होत नाई."

असं माझ्याविषयी, न हसता, न कीव करता, आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. मला ते ऐकायचं भानच नव्हतं. मी शिवण तपासत होते.

त्या चड्डीवर मी पहिल्यांदा दरेकस्याच्या वाटेने गेले तो दिवस मला आजही आठवतो. दोन्ही बाजूंना साग, तेंदूची झुडपं, त्यांत वाकलेल्या बायका पानं तोडून पदरात टाकत होत्या. चढ आला की मी उतरत असे, उतार आला की पुन्हा बसत असे, आणि बसताना पहिल्यांदाच ओठ चावावा लागला नाही. वारा कानांत भरला. कचारगडाच्या बाजूच्या टेकड्या उन्हात निळ्या दिसत होत्या. मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग कोणी पाहिलं का म्हणून इकडे-तिकडे बघितलं.

फुलमतीने मला तशा दोन शिवून दिल्या, एक अंगावर, एक दोरीवर. आठ-दहा दिवसांनी दोरीवरची नाहीशी झाली.

दवाखान्यामागच्या माझ्या खोलीला अंगण होतं, कुंपण होतं. लुगडी जागेवर, पोलकं जागेवर, नेमकी तीच नाही. त्याच दिवशी दवाखाना झाडणारी सोनाबाई झाडू टेकून माझ्याजवळ बसली. तिला काही सांगायचं असलं की ती आधी नख कुरतडत असे.

"बाई, रागावू नोका. दरेकस्याकडं लोक बोलून राहिले."

"काय?"

"म्हनतेत, बाई कमरेले काहीतरी बांधून येते. लुगड्याखाली. लेकराची नाळ कापते अन् त्याच्यात घालून नेते. मंग ते लेकरू जगत नाई."

आमच्या भागात बाईविषयी असं बोलणं सुरू झालं की ते कुठे थांबतं, मला माहीत होतं. टोनही म्हणतात अशा बाईला. मग तिला कोणी पाणी देत नाही, आणि पाणी न देण्यावरच भागलं तर नशीब.

कमरेखाली मी काय घालते हे सालेकस्यात दोनच माणसांना माहीत होतं. लखनलालला गप्पा मारताना मी कधी पाहिलं नव्हतं. राहिली ती पिशवीकडे बघणारी, चौकशा करणारी फुलमती. मला सगळं एकदम लख्ख दिसलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. मी भर बाजाराच्या वेळी दुकानात गेले.

"माझी चड्डी दोरीवरून कोणी नेली, फुलमती?"

ती पडद्याबाहेर आली. "मले का माहीत, बाई?"

"आणि दरेकस्याला काय सांगितलंस? मी नाळ चोरते म्हणून?"

"मी?"

"तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? पहिल्या दिवसापासून तुझा डोळा माझ्या पिशवीवर. मी दूधखुळी नाही."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती ऐकत होती. लखनलाल मशीनवरून उठला, "बाई, ऐसा मत बोलो," म्हणाला. फुलमतीने एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्याने पडद्याची कड धरली. मी तिच्या डोळ्यांत चोरी शोधत होते, म्हणून मी फक्त डोळे पाहिले. रोज पोटं बघणारी मी, तिच्या पोटाकडे पाहिलंच नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी, दरेकस्याजवळच्या एका टोल्यावरून, दहा-बारा घरांच्या वस्तीवरून, दशरथ नावाचा शेतकरी चालत आला. धानाची थोडी जमीन कसणारा, हंगामात पत्ता तोडणारा. अंगरखा घामाने चिकटलेला. त्याची बायको कौशी कालपासून अडली होती.

"चला, बाई. पन मायले न सांगता आलो आहो मी."

"का?"

तो जमिनीकडे बघायला लागला. मला समजलं. त्याच टोल्यावर आदल्या वर्षी माझ्या हातून एक मूल वाचलं नव्हतं. मी पोचले तेव्हाच ते पोटात गेलेलं होतं, पण लोकांनी मला येताना पाहिलं आणि नंतर मूल मेलेलं पाहिलं. जाऊ नये असं माझं मन म्हणालं. बोलावतो आहे खरा, पण तिथे नेऊन काय करतील? त्याच्या मागे कोण आहे? मी पिशवी भरत होते आणि हाही विचार करत होते. शेवटी निघाले. त्याला मी म्हटलं, तू मागून ये.

चार कोस. ऊन असं की सायकलचं हँडल हाताला पोळत होतं. दोनदा उतरून सावलीला उभी राहिले. चड्डी नसती तर त्या दिवशी मी निम्म्या वाटेतून परतले असते, आणि परतले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

घरापुढे तीन बायका उभ्या होत्या. मधली दशरथची आई, पारबता. उंच, हाडकुळी, हातात विळा. आतून कौशीचं कण्हणं ऐकू येत होतं, दमलेलं, मध्ये-मध्ये थांबणारं. ते थांबणं मला आवडलं नाही.

"आत नाई जायचं," पारबता म्हणाली.

"तुमच्या मुलाने बोलावलं आहे."

"त्याले अक्कल नाई. तुमी कमरेले का बांधून आल्या ते दाखवा आधी."

बाजूची बाई म्हणाली, "दाखवनार नाई ते. मी सांगतो ना."

आतून पुन्हा कण्हणं आलं आणि अर्ध्यात तुटलं. मी गोठ्यात गेले. तिथे एक गाय रवंथ करत होती, बाकी कोणी नव्हतं. मी लुगड्याखालची चड्डी काढली, लुगडं नीट केलं, बाहेर आले आणि ती पारबताच्या हातात दिली. घामाने ओली, माझ्या अंगाच्या आकाराची. तीन बायका तिच्याकडे बघत होत्या. मला वाटलं होतं त्या हसतील. हसणं परवडलं असतं. पारबताने विळ्याच्या टोकाने शिवण फाडली. फुलमतीचा धावदोरा टराटरा निघाला. आतून तपकिरी नमदा बाहेर आला. म्हातारीने तो नाकाशी नेला.

"घोड्याचा वास येते."

"घोड्याचाच आहे."

"कायले?"

"बसायला. सायकलवर मला दुखतं."

"खोटं."

मग मी ते केलं जे डॉक्टरांपुढे केलं नव्हतं, आईपुढेही केलं नसतं. त्या तिघींसमोर लुगडं मांडीपर्यंत वर केलं. जुन्या जखमा सुकत आल्या होत्या, पण त्या दिवशीच्या चार कोसांनी दोन ठिकाणी पुन्हा फुटल्या होत्या.

पारबता वाकली. बराच वेळ बघितलं तिने.

"हे तं फुटलं आहे."

"हो."

"अन् तू अशीच आली?"

"हो."

ती दारातून बाजूला झाली.

आतलं सगळं सांगत नाही. नाळ गळ्याभोवती दोन वेढे. मूल बाहेर आलं ते निळं, गप्प. मी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंड पुसलं, फुंकर घातली. पारबता माझ्या खांद्याशी उभी होती, विळा अजून तिच्या हातात होता, ती तो खाली ठेवायला विसरली होती. मग ते रडलं. मुलगा होता. कौशी डोळे मिटूनच म्हणाली, "रडला का?" आणि म्हातारी म्हणाली, "रडला, माय, रडला," आणि स्वतःच रडायला लागली.

संध्याकाळच्या आधी तिने मला ओसरीवर बसवलं, करंजीचं तेल कोमट केलं आणि न विचारता माझ्या मांड्यांना लावलं. तेव्हा मी तिला विचारलं, "तुम्हाला माझ्याबद्दल कोणी सांगितलं? सालेकस्याच्या शिंपिणीने?"

"कोन शिंपीन? आमी कोनाले ओरखत नाई. तूच तं मागल्या साली त्या मेलेल्या लेकराचं सारं फडक्यात गुंडारून घेऊन गेली. मी आपल्या डोऱ्यानं पाह्यलं. अन् आता बजारात तुझी कमर भारी दिसली."

मी ते, वार आणि नाळ, नेलं होतं. खरं होतं. अंगणात कुत्री होती, म्हणून मी ते लांब नेऊन पुरलं होतं. पण कोणाला सांगून नेलं नव्हतं. कोणाला काही सांगायची मला सवयच नव्हती.

परतताना सायकल हातात धरून बरीच वाट चालत आले. फाटलेली चड्डी पिशवीत होती. दोरीवरची दुसरी मृगाच्या आधी सापडली, दवाखान्याचे कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरायला माणसं वर चढली तेव्हा. वानरांनी नेली होती. छपराच्या खाचेत अडकून उन्हाने पांढरी पडली होती आणि नमद्याचे लचके तोडलेले होते. ती हातात धरून तो माणूस वरून ओरडला, "बाई, हे का आहे?" अंगणातले सगळे हसले. मीही हसले असेन. मला आठवत नाही.

पण लखनलालकडे मी त्याआधीच गेले होते, दरेकस्याहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी. पडद्यामागे कोणी नव्हतं. तो मशीनवर मान खाली घालून बसला होता.

"फुलमती कुठे आहे?"

"मायके गई." त्याने चाक फिरवलं, पुन्हा थांबवलं. "पाँचवाँ महीना है, बाई. पहले के तीन नहीं बचे. किसी को बताती नहीं थी, नजर लगेगी करके. आप आती थीं तो कहती थी, इस बार बाई को पूछूँगी. रोज हिम्मत करती थी."

मी उभीच राहिले. त्याने मला बसा म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं.

तो पावसाळा कसा गेला ते सांगता येणार नाही. मला तिच्या माहेरचं गावही माहीत नव्हतं. लखनलाल विचारलं तेवढंच सांगायचा, ठीक आहे, पत्र नाही, ठीक असेल. चिखलात सायकल चालत नव्हती, मी बैलगाडीने, पायी जात होते. प्रत्येक बाळंतपणात मी आतल्या बाईला विचारायला लागले, आधीची किती? काय झालं त्यांचं? पूर्वीही विचारत होते, पण वहीत लिहायला. गाडी स्टेशनात शिरली की दवाखान्याच्या खिडकीतून माझी मान तिकडे वळायची. तीन गेलेली बाई, कुठल्याशा खेड्यात, गावच्या सुइणीच्या हाती. लेकरू आडवं असलं तर? हे तिने मला विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, वेळ आली की बघते.

कार्तिकात, धान पिवळं पडल्यावर, ती परत आली. मुलगी घेऊन. मुलगी जिवंत होती, गुटगुटीत होती. माझ्याशिवाय जन्मली होती. मी गेले तेव्हा फुलमती पडद्याबाहेरच बसली होती, मांडीवर मूल. मी म्हटलं, "माझं चुकलं." एवढंच आलं तोंडून. वाटेत बरंच जुळवलं होतं.

तिने मान हलवली. होय की नाही, कळलं नाही. मी मुलीकडे हात पुढे केला, तशी तिने लुगड्याचा पदर तिच्यावर ओढला. जोरात नाही. सहज, ऊन लागतं म्हणून ओढावा तसा. मी हात मागे घेतला.

"ते चड्डी फाडली म्हने त्याहिनं," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"फाडली."

"मंग आता कशी जाता?"

"जाते तशीच."

आठवड्याने लखनलालने मला हाक मारली आणि नवी चड्डी पुढे ठेवली. मी सांगितली नव्हती. या वेळी नमदा दुहेरी होता, धावदोरा आणखी बारीक, कमरेचा पट्टा आणखी रुंद. मी ती हातात घेतली, आभाराचं काहीतरी बोलले आणि बोलता-बोलता माझी बोटं आपोआप आत गेली, गादीवरून, शिवणींवरून, कोपऱ्याकोपऱ्यातून हळूहळू फिरली, दाबून-दाबून. काय शोधते आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी थांबले. मान वर केली.

पडद्याची कड बाजूला झालेली होती. फुलमती मुलीला खांद्यावर थोपटत उभी होती आणि माझ्या बोटांकडे बघत होती.

"सुई नाई सोडली, बाई," ती म्हणाली. "मी पाहून घेतलं."